शुक्रवारी ऐकू येणारा संगणक

मालेगावात आवाज न करणारा संगणक बनवायचा आहे, असं कुणाला सांगितलं की तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर यंत्रमाग चालू असतात. गावात माग किती, याचा आकडा लाखांत सांगतात. साधा माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा या कडेचा त्या कडेला भिरकावतो आणि दर फेकीला लाकडावर लाकूड आदळतं. शेडच्या आत हा आवाज नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात जातो. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपर्यंतच आवाज असावा, असं केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत लिहिलं आहे. नियम लिहिणारे गृहस्थ मालेगावात मुक्कामाला आले नसावेत.

अशा गावात राहून मी घरातल्या संगणकाचा पंखा पस्तीस डेसिबलवरून वीसवर कसा आणावा, या काळजीत असतो. ओळखीचे एक लूमवाले शेठ आहेत. संध्याकाळी चहाला येतात. टेबलावर उघडून ठेवलेला डबा, त्याच्या पोटातून बाहेर आलेल्या तारा आणि त्याला कान लावून बसलेला मी, हे दृश्य त्यांनी एकदा बराच वेळ पाहिलं आणि शेवटी अदबीने विचारलं, "सर, आपको इस डिब्बे की आवाज़ आती है, और हमारे लूम की नहीं आती?"

गणिताने त्यांचं बरोबरच आहे. डेसिबलची बेरीज साधी नसते. खिडकीतून आत येणारा मागांचा आवाज ६० डेसिबल धरला आणि त्यात संगणकाचे ४० डेसिबल मिसळले, तर उत्तर १०० येत नाही; ६०.०४ येतं. माझा सगळा छंद त्या शेवटच्या शून्य दशांश शून्य चारमध्ये राहतो.

बरं, वीज गेली की माग थांबतात, गाव एकदम गप्प होतं, तेव्हा तरी पंख्याची घरघर ऐकू यावी. तर ज्या विजेवर माग चालतो त्याच विजेवर संगणकही चालतो. दोघे एकदम थांबतात. दोघे एकदम सुरू होतात. म्हणजे हा आवाज स्वतंत्रपणे कानावर पडायला मुहूर्त एकच, शुक्रवार. शुक्रवारी मागांना सुट्टी. कामगार न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून नमाजला, बाजाराला, सिनेमाला बाहेर पडतात, आणि गावावरचा तो खडखडाट कुणीतरी काढून ठेवल्यासारखा नाहीसा होतो. अशाच एका शुक्रवारी दुपारी मला कोपऱ्यातून बारीक घुंऽऽ ऐकू आलं. गुरुवारपर्यंत ते नव्हतं असं नाही. पण एकदा ऐकलं ते ऐकलं. मग शनिवारी माग सुरू झाले तरी मला ते ऐकू येत राहिलं. हा रोग आहे, आणि जगभर आहे. घरचा संगणक आणखी थोडा मुका कसा करावा, यात वर्षानुवर्षं घालवणारी माणसं सगळीकडे आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असतो.

या लोकांचं मूळ सूत्र अगदी साधं आहे. संगणकाला जेवढे वॅट पाजाल तेवढ्याची शेवटी उष्णताच होते. मोटर काहीतरी ढकलते, बल्ब उजेड देतो. संगणक आत काय हिशेब करायचा तो करतो, पण विजेच्या अंगाने बघितलं तर ती निव्वळ शेगडी. शंभर वॅटचा संगणक म्हणजे शंभर वॅटची शेगडी. उष्णता झाली की ती बाहेर काढायला पंखा आला, पंखा आला की आवाज आला. तेव्हा आवाज कमी करायचा तर सुरुवात पंख्यापासून करायची नाही, विजेपासून करायची. आणि इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज जरासं उतरवलं तरी वीज बरीच उतरते. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज जवळपास पंधरा डेसिबलने घटतो. थोडं सोडलं की भरपूर मिळतं, असा व्यवहार मालेगावच्या बाजारातसुद्धा सापडत नाही.

पंखाच नको, ही हौस जुनी. ॲपल कंपनीने १९८० मध्ये 'ॲपल थ्री' नावाचा संगणक काढला. स्टीव्ह जॉब्सचा हट्ट, की त्यात पंखा असता कामा नये, आवाज शोभत नाही. पंखा नव्हता. मशीन तापायची, आतल्या चिपा खोबणीतून हलायच्या आणि काम अडायचं. तेव्हा गिऱ्हाइकांना खुद्द कंपनीकडून सल्ला मिळायचा, की संगणक टेबलावरून दोन-तीन इंच उचला आणि खाली सोडा, चिपा जागेवर बसतील. आपल्याकडे टीव्हीच्या टपावर हात मारणाऱ्या पिढीला हे शास्त्र शिकवावं लागलं नसतं. वीस वर्षांनी, २००० साली, त्याच कंपनीने पंख्याशिवायचा काचेसारखा देखणा 'क्यूब' आणला. तोही वर्षभरातच बंद झाला. दोन्ही वेळा मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. शांततेचा सोस लागलेला माणूस तापमानाकडे बघत नाही.

नंतर दिवस पालटले. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ च्या सुमाराला सतरा सेंटिमीटर चौरस मापाचे छोटे मदरबोर्ड पुढे आणले. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला, म्हणजे वाढदिवस चार वर्षांनी यावा अशा बेताने, इंग्लंडातून रास्पबेरी पाय आला: हातावर मावणारा, पस्तीस डॉलरचा, चार्जरवर चालणारा. २०२३ मध्ये इंटेलची एन-१०० ही चिप आली. तिची उष्णतेची कागदावरची मर्यादा सहा वॅट. आमच्या देवघरातला छोटा एलईडी बल्ब यापेक्षा जास्त खातो. माझ्या तरुणपणी पुण्याच्या सी-डॅकने 'परम' हा महासंगणक बनवला त्याच्या बातम्या आम्ही छाती फुगवून वाचायचो. १९९१ साल ते. आज त्याहून जास्त आकडेमोड करणारी चिप सहा वॅटवर गुपचूप चालते आणि तिच्यावर मी काय करतो, तर जुनी गाणी साठवतो.

पण परदेशी पुस्तकं आणि मार्गदर्शक वाचून मालेगावात संगणक बांधायला बसलं, की दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे मे महिना. पंख्याशिवायच्या संगणकात चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या कंगोऱ्यांपर्यंत नेतात. नळीत थोडंसं पाणी निर्वात कोंडलेलं असतं; ते गरम टोकाला उकळतं, गार टोकाला पुन्हा पाणी होतं, आणि हे बिनबोभाट चालत राहतं. फार सुंदर युक्ती आहे. मात्र टोक गार असायला खोली गार लागते. ही यंत्रं चिपला खोलीच्या तपमानापेक्षा समजा चाळीस अंश वर ठेवतात. खोली २२ अंशांची असली तर चिप ६२ वर सुखात. आमच्याकडे मेमध्ये पारा ४३ च्या आसपास रेंगाळतो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारायलाच नको. म्हणजे चिप आरामात ८३ वर. तिथून आणखी चढली की ती स्वतःहून वेग कमी करते, आणि दुपारी दोनला मालेगावात जी गत माणसांची होते तीच तिची होते.

दुसरी अडचण पुस्तकात सापडणारच नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावात कापूस उडत नाही. मागांच्या गावात हवेत कायम बारीक तूस असतं. खिडकीच्या जाळीवर, कोळिष्टकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. संगणकाचा पंखा हा खरं तर हवा आत ओढणारा प्राणी. तो हे तूस दिवसरात्र गोळा करतो. इथला दोन वर्षं न उघडलेला संगणक उघडलात, तर आत प्रोसेसर गोधडी पांघरून झोपलेला दिसतो. हवा अडते, चिप तापते, पंखा आणखी जोरात फिरतो, आणखी तूस ओढतो. दुरुस्तीवाला ब्लोअर मारतो, पैसे घेतो, आणि सहा महिन्यांनी या म्हणतो. तेव्हा पंखा नसणं ही युरोपात हौस असेल. इथे ती गरज आहे. पंखा नाही म्हणजे ओढणं नाही. बाहेरच्या कंगोऱ्यांवर तूस बसतं ते पेंटिंगच्या ब्रशने झटकता येतं.

म्हणजे मे महिना सांगतो पंखा ठेवा, तूस सांगतं पंखा काढा. यावर माझा तोडगा असा, की वीज इतकी कमी करावी की दोघांनाही बोलायला जागा राहू नये. सहा-आठ वॅटच्या वर डब्याने जाऊच नये.

वॅट मोजायला लागलं की माणूस जरा चमत्कारिक होतो. एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात, हे मी हल्ली पाढ्यासारखं म्हणतो. जुना डेस्कटॉप शंभर वॅट ओढत चोवीस तास चालला, तर महिन्याला ७२ युनिट. दहा वॅटचा डबा महिन्याला सात. महिन्याचं बिल शंभर युनिटच्या आत राहावं, ही मध्यमवर्गीय घरातली एक मूक महत्त्वाकांक्षा असते, कारण शंभराच्या वरच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो; त्यातले बहात्तर एकट्या गाणी साठवणाऱ्या डब्याने खाल्ले तर घरातल्या बाकी उपकरणांनी काय हवा खायची? हा हिशेब मी सौभाग्यवतींना मांडून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग वर बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, आणि हा डोक्यावरचा?"

डोक्यावर छताचा पंखा खडखडत होता. पंच्याहत्तर वॅटचा.

संगणकाच्या पंख्याचे पंधरा डेसिबल वाचवणारा माणूस आयुष्यभर त्या पंख्याखाली बसून ते वाचवत होता. पण हे फक्त माझं नाही. शांततेच्या मागे लागलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. संगणक गप्प झाला की छताचा पंखा ऐकू येतो. त्या जागी नवा बीएलडीसी पंखा आणला, तीस-पस्तीस वॅटचा आणि बराच सभ्य, तर फ्रिज ऐकू येतो. फ्रिज बंद पडला की भिंतीवरचं घड्याळ. वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला मायक्रोसॉफ्टने एक खोली बांधली आहे. २०१५ मध्ये तिथे उणे वीस डेसिबलच्याही खालचा आवाज मोजला आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला. तिच्यात जाऊन आलेले लोक सांगतात, की आत स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि जास्त वेळ थांबवत नाही. म्हणजे सगळं गप्प केल्यावर शेवटी आपणच आवाज करत असतो. इतक्या लांब जाण्यात अर्थ नाही. मालेगावच्या माणसाला तर नाहीच. तिथून बाहेर काढल्यावर पहिलं तो विचारेल, आज काय शुक्रवार?

गप्प संगणकाची खरीखुरी निकड असलेली जागा आपल्याकडेच आहे, आणि तिथला आवाज कानाला ऐकू येत नाही. पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. त्याच्या जवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण, की साधा संगणक शेजारी चालू असला तरी त्याची विद्युत कुरबुर त्यांच्यात मिसळते. म्हणून तिथली संगणकयंत्रणा धातूच्या आवरणाने बंदिस्त केलेल्या खोलीत ठेवावी लागते. हे कळल्यापासून घरी कुणी विचारलं की मी जरा ताठ मानेने बोलतो. शांत संगणकाचा सोस असलेले आपण एकटे नाही, टाटा मूलभूत संशोधन संस्थासुद्धा आहे. घरी याचा काही परिणाम झालेला नाही.

बाकी, पंखा काढला तरी हार्डडिस्क उरतेच. तिच्यात तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि त्यांची थरथर डब्याच्या पत्र्याला लागून टेबलापर्यंत उतरते. हौशी लोक यावर जो उपाय करतात तो मला फार आवडतो: डिस्क स्क्रूने आवळायचीच नाही, चार बाजूंना इलॅस्टिक ताणून त्यावर अधांतरी ठेवायची. सायकलच्या ट्यूबचं रबर आमच्या उन्हाळ्यात चिरतं, म्हणून मी घरातल्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेतलं. ते परकराचं होतं. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे देण्याची गरज नाही. मात्र डिस्कची थरथर थांबली, हे नमूद करतो. माझी आई दारातून बघत होती. ती कळवणकडची, तिच्या तोंडी अजून अहिराणी. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणाली. तिला काय सांगणार? झोळी बांधतोय म्हटलं. तिला ते पटलं.

आता हे सगळं मी जितकं रंगवून सांगतो आहे त्यावर एक बोळा फिरवायला हवा, आणि तो माझ्या भाच्याने फिरवला. भाचा नाशिकला नोकरीला. एका सुट्टीत आला, माझा तांब्या-ॲल्युमिनियमचा प्रपंच बघितला, आणि म्हणाला, "मामा, तो स्क्रीन फुटलेला लॅपटॉप कुठाय?" माळ्यावर होता. "तोच लावा ना. दहा-पंधरा वॅट खाईल, पंखा क्वचितच फिरेल, आणि लाईट गेली तर बॅटरी आतच आहे."

मुलगा बरोबर होता. आपल्याकडे संगणकाने कमी वीज खावी, याचं खरं कारण शांतता नाही आणि बिलही नाही. लाईट जाणं हे आहे. बऱ्याच घरांत दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी असते. कागदावर तिच्यात १,८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाताला हजार-बाराशे लागतात. दोन पंखे, तीन दिवे आणि वर दोनशे वॅटचा संगणक-मॉनिटर लावला तर रात्र निघत नाही. दहा वॅटचा डबा तिला कळतसुद्धा नाही. गंमत अशी, की इन्व्हर्टर स्वतः जिवंत राहायलाच डब्याइतकी किंवा त्याहून जास्त वीज घेतो. बॅटरीतली बारा व्होल्टची वीज तो २३० ला चढवतो, आणि डब्याचा अडॅप्टर ती पुन्हा बारावर उतरवतो. चढण्या-उतरण्यात वीज जाते ती जातेच. त्यापेक्षा राउटरसाठी मिळतो तो छोटा बारा व्होल्टचा यूपीएस सरळ डब्याला लावला तर मधला उपद्व्याप वाचतो. फक्त डब्याला किती अँपिअर लागतात ते अडॅप्टरवर वाचून घ्यावं. आणि इन्व्हर्टरवरच चालवायचा असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं. ते यूपीएसवर हवं. नाहीतर लाईट गेल्यावर अदलाबदलीच्या त्या निमिषात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. हे बटण आपल्याकडे आहे, हेच अर्ध्या मालेगावाला माहीत नाही.

मग त्या लॅपटॉपवर सिनेमे, गाणी, फोटो भरले आणि घरचा मीडिया सर्व्हर सुरू झाला. म्हणजे बैठकीतला टीव्ही, आतल्या खोलीतला टॅब, हिचा मोबाइल, सगळ्यांनी त्या एकाच डब्यातून काय हवं ते घ्यायचं. यासाठी लागणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि त्यांचा इतिहासही मोठा गोड आहे. २००२ मध्ये काही उपद्व्यापी पोरांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे लावायचा प्रोग्राम लिहिला. तोच वाढत वाढत २०१४ मध्ये 'कोडी' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच झाडाची एक फांदी म्हणजे 'प्लेक्स'. 'जेलिफिन' २०१८ च्या अखेरीस निघालं, कारण एका मोकळ्या प्रकल्पाने आपली दारं बंद केली आणि काही जणांना ते रुचलं नाही. भावकीची वाटणी झाल्याशिवाय आपल्याकडे शेत नसतं, तसं त्यांच्याकडेही फाटाफूट झाल्याशिवाय सॉफ्टवेअर नसतं.

इथे वॅटचा एक शेवटचा सापळा आहे. टीव्हीला जो प्रकार कळतो त्यात फाइल असेल तर डबा ती नुसती सरकवतो. मेहनत जवळपास शून्य. फाइल नव्या एचईव्हीसी पद्धतीची आणि टीव्ही जुना असेल, तर डब्याला सिनेमा चालू असतानाच तो दुसऱ्या प्रकारात पुन्हा बनवून द्यावा लागतो. मग गप्प डबा तापतो आणि पंखा बोंबलतो. जुन्या टीव्हीवाल्यांनी फाइली २००३ च्या जुन्या एच-२६४ प्रकारातच ठेवाव्यात. सहा वॅटच्या चिपला यासाठी स्वतंत्र भाग असतो, पण विनाकारण राबवायचं कशाला?

सर्व्हरमधलं सॉफ्टवेअर आणखी एक उत्साही गोष्ट करतं. फाइलचं नाव वाचून इंटरनेटवरून त्या सिनेमाचं पोस्टर, नटांची नावं, कथा आपणहून आणून लावतं. 'पिंजरा' म्हटलं की कुठल्याशा परदेशी तुरुंगपटाचं पोस्टर. आणि 'मालेगाव के शोले' या फाइलवर त्याने अमिताभ, धर्मेंद्र आणि १९७५ साल लावलं. मी ते बदललं नाही. 'मालेगाव के शोले' बनवणाऱ्या नासिर शेख यांना ते आवडेल.

कारण या गावाला सिनेमा घरी कसा आणावा हे शिकवायला इंटेलची गरज कधीच नव्हती. नासिर शेख इथे व्हिडिओ पार्लर चालवत. टेपवरच्या सिनेमांची कापाकापी आणि जोडाजोडी त्यांनी दोन व्हीसीआर लावून स्वतः शिकून घेतली, आणि त्यातून २००० च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' झाला. सुमारे पन्नास हजार रुपयांत, असं सांगतात. पुढच्या सिनेमाला क्रेन हवी तर बैलगाडीचं उलटं टोक वर उचललं, कॅमेरा सरकवायला सायकल घेतली. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात हे सगळं आहे, आणि त्यातला सुपरमॅन मागावर काम करणारा शफीक शेख, ज्याचं वजन त्याच्या झग्यापेक्षा फार जास्त नसावं. २०२५ च्या २८ फेब्रुवारीला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला आणि मुंबईतल्या लोकांना हे गाव नव्याने सापडलं. आमच्या इथे ते कधी हरवलेलं नव्हतं. कमी पैशांत, कमी विजेत, हाताशी जे आहे त्यात सिनेमा घडवायचा हे तत्त्व त्या मंडळींनी दाखवून ठेवलं होतं. मी आपलं एका डब्यावर तेच करतो, तेही परकराच्या इलॅस्टिकवर.

सर्व्हरवर आता भरपूर सिनेमे आहेत आणि घरातले सगळे मोबाइलवर रील बघतात. याचं मला वाईट वाटत नाही. एका फोल्डरकडे मात्र सगळे जातात. त्यात १९९४ ची एक लग्नाची टेप आहे, कॅसेटवरून उतरवलेली. चित्र मधूनच तिरकं होतं, वर बारीक पांढऱ्या रेघा येतात, आणि वऱ्हाडात आता नसलेली माणसं जेवताना दिसतात. लूमवाले शेठ एकदा बघत बसले. त्यांच्या घरीही अशा कॅसेट आहेत म्हणाले, पेटीत, गच्चीवरच्या खोलीत. मी त्यांना डब्याचे वॅट सांगायला लागलो होतो, ते अर्धवट सोडून दिलं आणि कॅसेट घेऊन यायला सांगितलं.

तुमच्याकडेही असतील. शांत संगणक करा, नका करू, तो ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. पण कॅसेट गच्चीवरच्या खोलीतून आधी खाली आणा. चुंबकीय फितीला ४३ अंशांचा उन्हाळा आणि पावसाळ्यातली दमट पेटी, दोन्ही सोसत नाहीत. बुरशी धरते, फीत चिकटते, आणि चिकटलेली फीत व्हीसीआरमध्ये घातली की तुटते. चालू व्हीसीआर कुणा नातेवाइकाकडे असेल तर मागून घ्या, साधं व्हिडिओ कॅप्चर यंत्र लावा, जुना लॅपटॉप पुरतो. त्याची बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका. आणि हे याच वर्षी करा. व्हीसीआर बनवत राहिलेली जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी होती, आणि तिने तो धंदा जुलै २०१६ मध्ये बंद केला.